दिल्लीची विमानतळ मेट्रो : परवडण्याचा हिशेब

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला विमानतळामार्गे द्वारका उपनगराशी जोडणारा मेट्रोमार्ग २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाला. खासगी भागीदारीतून उभारलेला हा दिल्ली मेट्रोचा पहिला मार्ग होता. कंपनीने तो अडीच वर्षांच्या आत सोडला आणि त्यातून उद्भवलेला वाद २०२४ पर्यंत चालला. सार्वजनिक सेवेत प्रवाशांना, उद्योगांना आणि सरकारला काय परवडते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

करार काय होता?

दिल्ली मेट्रो रेल महामंडळात केंद्र सरकार व दिल्ली सरकारचा समान वाटा आहे. महामंडळाने ऑगस्ट २००८ मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि स्पेनमधील कॅफ यांच्या संयुक्त कंपनीशी ३० वर्षांचा करार केला. बोगदे आणि उन्नत मार्ग महामंडळाने बांधले. रूळ, गाड्या, सिग्नल यंत्रणा आणि मार्ग चालविण्याची जबाबदारी कंपनीकडे होती. महामंडळाच्या कसुरीमुळे करार संपुष्टात आल्यास कंपनीला कर्जाच्या रकमेबरोबरच भागभांडवलाच्या १३० टक्के रक्कम देण्याची तरतूद त्यात होती.

प्रवाशांनी पाठ फिरविली

या २२.७ किलोमीटर मार्गाचे कमाल भाडे १८० रुपयांपर्यंत गेले होते. द्वारका सेक्टर २१ स्थानकातूनच मेट्रोची नेहमीची निळी मार्गिकाही सुटते. त्या काळात दिल्ली मेट्रोच्या इतर सर्व मार्गांवरील कमाल भाडे ३० रुपये होते. द्वारकेतून रोज कामावर जाणाऱ्या नोकरदाराने वेळेपेक्षा खिशाचा विचार केला. प्रवासीसंख्या अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली.

कंपनीची माघार

जुलै २०१२ मध्ये उन्नत मार्गाच्या बांधकामात दोष असल्याचे सांगून कंपनीने सेवा बंद केली. दोष ९० दिवसांत दूर झाले नाहीत, असे म्हणत ८ ऑक्टोबर २०१२ रोजी तिने करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. दुरुस्तीनंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या परवानगीने जानेवारी २०१३ मध्ये ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादेत गाड्या पुन्हा धावू लागल्या. १ जुलै २०१३ पासून हा मार्ग महामंडळ चालवीत आहे.

महामंडळाने २०१४ मध्ये कमाल भाडे १८० वरून १०० रुपयांवर आणि २०१५ मध्ये ६० रुपयांवर आणले. त्यानंतर प्रवासी वाढले. मात्र भाडे कमी करून सेवा चालविण्याचा भार सार्वजनिक संस्थेवर आला.

न्यायालयीन लढा

मे २०१७ मध्ये लवादाने कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये व व्याज देण्याचा निवाडा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०१९ मध्ये तो रद्द केला, तर सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२१ रोजी तो पुन्हा कायम केला. व्याजासह देणे वाढत जाऊन सुमारे ८,००० कोटींच्या घरात पोहोचले. एवढी रक्कम उभी करणे महामंडळाला कठीण होते. दुसरीकडे, रोज लाखो प्रवाशांची ने-आण करणारी मेट्रो बंद पडणेही शासनाला परवडणारे नव्हते.

अखेर १० एप्रिल २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती सूर्यकांत यांच्या पीठाने महामंडळाची क्युरेटिव्ह याचिका मान्य केली. सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्रासारखा महत्त्वाचा पुरावा लवादाने विचारात घेतला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. महामंडळाने भरलेली रक्कम परत करण्याचा आदेशही देण्यात आला.

महाराष्ट्राशी साम्य

मुंबईच्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोतही रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच भागीदार आहे. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या या मार्गावरही भाडे आणि प्रकल्पखर्चावरून एमएमआरडीएशी वाद झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा हिस्सा ४,००० कोटी रुपयांना विकत घेण्यास मंजुरी दिली. परंतु काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

खासगी भागीदारीमुळे सरकारचा सुरुवातीचा खर्च कमी होतो. मात्र भागीदार निघून गेल्यास सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी आणि तिचा खर्च पुन्हा सरकारकडेच येतो. द्वारकेचा मार्ग १७ सप्टेंबर २०२३ रोजी यशोभूमीपर्यंत वाढविण्यात आला, तोही महामंडळाच्याच हाती.