पिपाणी बाहेर, कर्णा आत

माणसाला आनंद झाला की त्याला काहीतरी वाजवावंसं वाटतं. पोर झालं की थाळी वाजते, लग्न लागलं की ताशा वाजतो, निवडणूक जिंकली की ढोल वाजतो, आणि यातलं काहीच झालं नाही तरी एकतीस डिसेंबरच्या रात्री बाराला पिपाणी ही वाजतेच. गंमत अशी, की वाजवणारा ज्याला आनंद म्हणतो त्यालाच शेजारच्या बिऱ्हाडात ठणाणा म्हणतात. आनंद आणि ठणाणा यांच्यामध्ये एका भिंतीचं अंतर असतं, आणि चाळीतली भिंत किती जाड असते हे चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

आता लालबागच्या माणसाने आवाजाविरुद्ध तक्रार करणं म्हणजे वरळीच्या कोळ्याने मासळीच्या वासावरून नाक मुरडण्यासारखं आहे. गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासून बसतो, बाजारातला राजा १९३४ पासून. म्हणजे ढोल-ताशाचा आमचा सराव शंभरीला टेकलेला. त्याच्याही आधीपासून गिरणीचा भोंगा होताच. तरीसुद्धा खेळाच्या मैदानात वाद्यं नेऊ द्यावीत की नाही, हा विषय निघाला की आमच्या नाक्यावर सरळ दोन तट पडतात.

एक म्हणतो, "पिपाणीशिवाय मॅच म्हणजे मिठाशिवाय कालवण."

दुसरा म्हणतो, "कालवण तू खा रे, पण माझ्या कानात ओतू नकोस."

हा तंटा काही आमच्या नाक्यावर जन्मलेला नाही. त्याला चांगला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात पिपाणीपासून गाईच्या घंटेपर्यंत बऱ्याच मंडळींना हद्दपारीची शिक्षा झालेली आहे.

सर्वांत गाजलेला खटला २०१० सालचा. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलचा विश्वचषक झाला आणि साऱ्या जगाला वुवुझेला नावाच्या वाद्याची ओळख झाली. वाद्य म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. जत्रेतल्या आपल्या पिपाणीची ही थोरली बहीण. लांबी दोन फुटांहून थोडी जास्त, अंग प्लॅस्टिकचं आणि सूर एकच. पण तो एक सूर हजारो माणसं नव्वद मिनिटं लावून धरीत. टीव्हीसमोर बसलेल्यांना वाटे, सेटमध्ये गांधीलमाश्यांनी पोळं केलं आहे. तिथल्या संशोधकांनी आवाज मोजला, तर पिपाणीच्या तोंडाशी १३१ डेसिबल आणि दोन मीटरवर ११३ भरला. म्हणजे पुढच्या रांगेतल्या माणसाने गोल पाहायचा आणि कान घरी ठेवून यायचे!

फ्रान्सचा कप्तान पात्रिस एव्हरा याने तक्रार केली, की पहाटे सहापासून या पिपाण्या वाजतात आणि झोप होत नाही. फ्रान्सचा संघ गटात शेवटचा आला. पण विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या कानांवरही त्याच पिपाण्या पडत होत्या, हे एव्हराच्या लक्षात कुणी आणून दिलं की नाही कोण जाणे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष ब्लाटर यांनी बंदीला नकार दिला. आफ्रिकेची रीत आफ्रिकेत पाळू द्या, असा त्यांचा पवित्रा होता. पण विम्बल्डनने त्याच वर्षी पिपाणीला दार बंद केलं, १ सप्टेंबर २०१० ला युरोपच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सगळ्या स्पर्धांतून तिला काढलं, आणि २०१४ च्या ब्राझीलच्या विश्वचषकापर्यंत ती जागतिक संघटनेच्याही निषिद्ध वस्तूंच्या यादीत जाऊन बसली.

पिपाणी नको म्हणून ब्राझीलने स्वतःचा एक खुळखुळा तयार केला. नाव काशिरोला. तिथल्या नामवंत संगीतकाराने केलेला, दिसायला गोजिरा, आवाजाने सौम्य. एप्रिल २०१३ मध्ये साल्वादोर शहरातल्या एका सामन्यात तो प्रेक्षकांच्या हाती दिला. यजमान संघ हरायला लागला तसे शेकडो खुळखुळे मैदानात येऊन पडले, आणि विश्वचषक सुरू व्हायच्या आतच खुळखुळ्यावर बंदी आली. वाद्य हे जिंकणाऱ्याच्या हातातच वाद्य असतं, हरणाऱ्याच्या हातात गेलं की त्याचा धोंडा होतो.

अमेरिकेतली हकीकत याहून सुरस आहे. मिसिसिपी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांना प्रेक्षक गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन जातात. बाकीची विद्यापीठं वैतागली आणि १९७४ साली त्यांच्या मंडळाने मैदानातल्या कृत्रिम आवाजाच्या साधनांवर बंदी घातली. पुढची छत्तीस वर्षं पोरं कोटात, पिशवीत, कुठे कुठे लपवून घंटा आत नेत राहिली. शेवटी २०१० मध्ये तडजोड झाली. घंटा आणा, पण खेळ थांबलेला असेल तेव्हा वाजवा. खेळ सुरू झाला की जीभ धरा – घंटेची. साऱ्या जगाने पिपाणी हाकलली त्याच वर्षी मिसिसिपीने घंटा परत घेतली, हा योगायोग मला फार आवडतो.

क्रिकेट हा मुळात सभ्य गृहस्थांचा खेळ. सभ्य गृहस्थ टाळी वाजवतो तीसुद्धा दोन बोटांनी. १९७५ साली लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. त्या दिवशी लंडनमध्ये राहणारे वेस्ट इंडिजचे पाठीराखे बियरचे रिकामे डबे एकमेकांवर आपटत ताल धरून बसले होते आणि मधे क्लाइव्ह लॉइड शतक ठोकत होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून मात्र इंग्लंडच्या मैदानांवर वाद्यांना बंधनं आली. पुढे २००७ चा विश्वचषक खुद्द वेस्ट इंडिजमध्ये झाला, तेव्हा तिथल्या माणसांनाही शंख आणि ढोल आत न्यायचा तर आधी परवानगी काढा, असं सांगण्यात आलं. कॅरिबियनमध्ये ढोलासाठी अर्ज करायचा म्हणजे पंढरपुरात टाळासाठी लायसन काढण्यापैकी! व्हिव्ह रिचर्ड्ससुद्धा कुरकुरला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्याला महाग तिकिटांइतकंच हेही एक कारण धरलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जग हिंडलात, मुंबईचं काय? तर मुंबईची गोष्ट ढोलाची नाही, ट्रान्झिस्टरची आहे. नोव्हेंबर १९६९, ब्रेबोर्न स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया. त्या काळी प्रेक्षक डोळ्यांनी मॅच पाहत आणि कानाला ट्रान्झिस्टर लावून तीच मॅच ऐकत. डोळ्यांवर तेवढा विश्वास नसावा. वेंकटराघवनला पंचाने यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिलं. लांबच्या स्टँडमधून चेंडू बॅटीला लागला की नाही हे दिसणं शक्यच नव्हतं. पण निर्णय चुकला, असं समालोचकाने रेडिओवर सांगितलं आणि ते हजारो ट्रान्झिस्टरांतून एकाच वेळी स्टँडभर पसरलं. मग बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या, जाळपोळ झाली. ऑस्ट्रेलियाने तो कसोटी सामना आठ गडी राखून जिंकला तो जिंकलाच. मला यात एवढंच दिसतं, की त्या दिवशी मैदान कुणाच्या ढोलाने पेटलं नाही. ते एका ठिकाणाहून निघून सगळ्यांच्या कानात शिरलेल्या एका आवाजाने पेटलं.

याचा अर्थ प्रेक्षकाने वाटेल ते वाजवावं असा नाही. काही खेळ कानावरच चालतात. क्रिकेटच्या पंचाला चेंडूने घेतलेली बॅटीची कड ऐकावी लागते. पंचाचे कान कमी पडतात म्हणून १९९९ पासून इंग्लंडच्या टीव्हीवर 'स्निकोमीटर' नावाचं यंत्र आलं. आणि आमची कबड्डी तर सगळीच्या सगळी कानाची. श्रमिक जिमखान्यापासून प्रभादेवीपर्यंत गिरणगावाने या खेळावर जीव टाकला. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, आणि पंचाला ते स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. दम तुटला की तो बाद. म्हणजे ज्या खेळात खेळाडूचा श्वास मोजायचा, तिथे शेजारी कुणी पिपाणी फुंकली तर पंचाने काय त्याचे ओठ वाचायचे? जुने कबड्डीवाले ऐन चढाईच्या वेळी गप्प बसत आणि गडी मधल्या रेषेला परत टेकला की छप्पर उडेल असे ओरडत. मिसिसिपीवाल्यांना जे कळायला छत्तीस वर्षं लागली, ते आमच्याकडे पाटीवर लिहायची कधी गरज पडली नव्हती.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. दिवे आले, मॅट आली, चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ लागलं. कबड्डीला पैसा मिळाला, पोरांना नाव मिळालं, याचा आनंद लालबागला सर्वांत जास्त. पण त्याबरोबर छताला लटकलेले कर्णेही आले. आता कधी ओरडायचं ते कर्णा सांगतो.

क्रिकेटमध्ये तेच. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, आणि तिची खूण काय, तर कर्ण्यातून वाजणारी तुतारी! ती वाजली की हजारो माणसं एका सुरात ओरडून उत्तर देतात. आता मला सांगा, तुमच्या-आमच्या हातातली तुतारी दारावर पोलिसाने काढून घ्यायची, आणि आत गेल्यावर रेकॉर्ड केलेली तुतारी आपल्याला ऐकवायची, हा व्यवहार कुठल्या खात्यात बसवायचा? आवाजाची बंदी म्हणतात ती ही नव्हे. ही मक्तेदारी झाली.

कायद्याने तर दोघांना एकाच रांगेत उभं केलं आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३८ व्या कलमाने त्रासदायक वाद्य किंवा गोंगाट बंद करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळाभोवती शंभर मीटर शांतता, म्हणजे आमच्या शेजारी परळला केईएम, टाटा आणि वाडिया यांच्याभोवती ती असायला हवी. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रात्री दहा ते सकाळी सहा ढोल, तुतारी किंवा कर्णा, काहीही वाजवायचं नाही. सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. त्या पंधरा दिवसांसाठी गणपती, नवरात्र आणि बाकीचे सण आधीच रांगेत उभे असतात. आणि सायंकाळी साडेसातला सुरू झालेला क्रिकेटचा सामना अकराच्या पुढे जातो. दहाच्या ठोक्याला पिपाणीवाल्याला जो कायदा लागू होतो, तो कर्णेवाल्यालाही लागू आहे. पण पिपाणी दारावरच्या टेबलावर मावते आणि कर्णा मावत नाही, एवढाच काय तो फरक.

आवाज बंद झाला म्हणजे शांतता आली, हे लालबागला कुणी शिकवू नये. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. ज्या भोंग्याला पिढ्यान् पिढ्या शिव्या घातल्या, तो वाजावा म्हणून माणसं पहाटे कान देऊन बसू लागली. बहुतेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा पूर्वीसारखे वाजलेच नाहीत. आता त्या जागी काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या खिडक्या आवाज आत येऊ नये अशाच केलेल्या असतात. मैदानातल्या वाद्यबंदीबद्दल ऐकलं की मला त्या खिडक्या आठवतात. वाद्य कुठलं बंद केलं यापेक्षा ते कुणाच्या हातातून काढून घेतलं, हे मी आधी बघतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वुवुझेलेला येऊ देऊ नका, कानाचा पडदा कुणाला नवा मिळत नाही. चढाई चालू असताना आणि गोलंदाज धावत येताना सगळ्यांनी गप्प बसावं. पण दोन षटकांच्या मधे आमच्या पोरांना ताशा वाजवू द्या, आणि तेवढा वेळ तो कर्णा बंद ठेवा. मग टाळी कधी वाजवायची ते प्रेक्षक आपलं आपण ठरवतील. वरून हुकूम आला की टाळ्या वाजवायच्या असतील, तर त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? तेवढं तर आम्ही बँकेत साहेबांच्या भाषणाला फुकट करतो.