लाल टिकली की टचपॅड?

पुणे-उदगीर बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलं की कळतं, माऊस ही टेबलवाल्यांची चैन आहे. मग स्क्रीनवरचा बाण हलवायचा कसा? या प्रश्नाला लोकांनी तीन उत्तरं शोधली.

पहिलं, ट्रॅकबॉल. १९९१ च्या ॲपल पॉवरबुकमध्ये तो कीबोर्डच्या पुढे, मधोमध बसवला. दोन्ही बाजूंना तळहात टेकायला जागा झाली. ही मांडणी पुढे बाकीच्यांनीही उचलली. पण गोळा म्हटला की आत रोलर, आणि रोलर म्हटले की धूळ. उदगीरच्या उन्हाळ्यात काय झालं असतं, विचारूच नका!

दुसरं, १९९२ च्या आयबीएम थिंकपॅडमधली लाल टिकली, म्हणजे ट्रॅकपॉइंट. टेड सेल्कर यांचा हिशोब साधा होता. हात कीबोर्डवरून माऊसकडे न्यायला पाऊण सेकंद जातो, मग हात हलवायचाच कशाला? टिकली बोटाचा जोर मोजते. जोर जास्त, तर बाण सुसाट.

तिसरं, टचपॅड. १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० मध्ये आला. बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल तो ओळखतो. हलणारा भाग नाही, साफसफाईची कटकट नाही.

आम्ही कोडवाले टिकलीचे भक्त. पण उदगीरला बाबांच्या हातात लॅपटॉप दिला, तर टिकली दाबताच बाण थेट कोपऱ्यात! टचपॅड मात्र दोन मिनिटांत जमला. बोट जिकडे, बाण तिकडे. रोज टाइप करणारे थोडे, बाबांसारखे नवशिके जास्त. निकाल तिथेच लागला म्हणा ना. २०२५ मध्ये तर काही थिंकपॅड टिकलीशिवायच आले.

मला वाईट वाटलं. बाबा म्हणाले, "बरं झालं की!"