सिरियाकचं पहिलं पुस्तक आणि १९१५ साल

मी विद्यापीठात सिरियाकचा सुरुवातीचा अभ्यासक्रम करतेय हे कळलं की लोक एकच प्रश्न विचारतात, "मेलेली भाषा शिकून काय मिळणार?" आजचा भाग याच प्रश्नावर आहे.

सुरुवात अरामीपासून करू. अरामी म्हणजे हिब्रू आणि अरबीची बहीण. २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची. इराणच्या हखामनी साम्राज्यात राजे फारसी बोलायचे, पण कारभाराची कागदपत्रं अरामीत चालायची. आपल्याकडे घरी मराठी आणि दफ्तरात फारसी असायची ना, तसंच काहीसं. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाईन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकातली अरामी पत्रं आणि करारनामे सापडलेत. आपल्या सम्राट अशोकानेही कंदाहारला जो लेख कोरून घेतला, तो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. तो १९५८ मध्ये सापडला.

सिरियाक ही याच अरामीची एक बोली. मूळ गाव एडेसा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा. पुढे ती पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची ग्रंथभाषा झाली. चीनमध्ये शीआनला इ.स. ७८१ चा एक शिलालेख आहे, त्यात चिनीबरोबर सिरियाक मजकूरही आहे. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाकने गॅलनचे वैद्यकग्रंथ ग्रीकमधून सिरियाकमध्ये आणि अरबीत आणले.

वर्गात मात्र सगळी लढाई ठिपक्यांशी असते. 'द' आणि 'र' ही अक्षरं अगदी सारखी दिसतात. ठिपका खाली असेल तर 'द', वर असेल तर 'र'. नामावर दोन ठिपके दिले की अनेकवचन! शब्द मात्र ओळखीचे निघतात. क-त-ब या धातूत लिहिण्याचा अर्थ आहे, आणि आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेली 'किताब' त्याच घराण्यातली. 'सलाम' आणि 'कबर' यांचे भाऊबंदही तिथे भेटतात.

आमच्याकडे वापरतात ते व्याकरण थिओडोर रॉबिन्सन यांचं. पहिली आवृत्ती १९१५ ची, आणि सुधारून ते अजून छापलं जातं. हे रॉबिन्सन १९०८ ते १९१५ या काळात आपल्याच देशात, श्रीरामपूरच्या कॉलेजात शिकवत होते. नगरचं श्रीरामपूर नव्हे हं, बंगालमधलं!

पण १९१५ म्हटलं की सिरियाक घराण्यातल्या लोकांना पुस्तक आठवत नाही. त्या वर्षी ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांबरोबर यांचीही कत्तल झाली. तूर आबदीन, हक्कारी या भागांत गावंच्या गावं ओस पडली. वाचलेले सिरिया, लेबनॉनकडे गेले. पुढच्या पिढ्यांतले कित्येक जर्मनी-स्वीडनला पोचले. ते लोक त्या वर्षाला 'सैफो' म्हणतात. सैफो म्हणजे तलवार. आपण 'सैफ' हे नाव ऐकतो ना, त्याचाच हा भाऊ.

म्हणजे इंग्लंडमध्ये ही भाषा शिकवायचं पुस्तक छापलं जात होतं, तेव्हाच तिच्या वारसांना घरातून ओढून मारलं जात होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण माझ्यासाठी आता त्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. "मेलेली भाषा" असं आपण सहज म्हणतो, जणू ती म्हातारी होऊन आपोआप गेली. इथे तसं झालेलं नाही. तूर आबदीनमधून गेलेल्या घरांत तुरोयो ही अरामीची आजची बोली अजून बोलतात. पुस्तकातल्या सिरियाकपेक्षा ती बरीच वेगळी आहे, पण तिच्यात आजही मुलांना जेवायला हाक मारतात.

आणि हे फार लांबचं वाटत असेल, तर केरळातल्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्ये सिरियाक आजही कानावर पडते. आपल्या कोकणातले बेने इस्रायली म्हणतात ती कद्दीश प्रार्थनाही बहुतांशी अरामीतच आहे.

तुमच्या घरात अशी एखादी बोली आहे का, जी फक्त आजीच बोलते? असेल तर आज तिचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!