ओळखीतून नोकरी: जॉबरपासून लिंक्डइनपर्यंत

कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला निघालेला तरुण गिरणगावातल्या कुणा गाववाल्याचं नाव आणि चाळीचा पत्ता घेऊन निघे. त्या नावावर त्याला गावकीच्या खोलीत पथारी मिळे, खाणावळीत ताट मिळे आणि कुणाच्या तरी शब्दावर गिरणीच्या फाटकापर्यंत जाता येई. तिथे गाठ पडे ती जॉबरशी. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. त्यानंतर कित्येक दशकं कामगारभरती मुख्यतः या जॉबरच्या हातात राहिली. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, हे तो ठरवी आणि त्यासाठी दस्तुरीही घेई. माणसं आणायची तर तो आपल्या गावातली, आपल्या भावकीतली आणी. धोबीतलाव-गिरगाव भागातल्या गोवेकरांच्या कुडांचं कामही असंच चाले. गावागावाचा वेगळा कूड असे. बोटीवरून उतरलेला तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राही आणि नोकरीच्या बातम्या तिथे हातोहात फिरत.

या जाळ्यांनी हजारो घरं उभी केली. पण जाळ्याबाहेरच्यांचं काय झालं, हे गिरण्यांच्या विणकाम खात्यात दिसतं. तिथे धोट्यातून दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाचं कारण पुढे करून दलित कामगारांना या खात्यात शिरू दिलं जात नसे आणि नेमकी याच खात्यात मजुरी चांगली होती. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. नोकरीच्या ओळखींचा कोणताही इतिहास या खात्यावरून पुढे जाताना थांबला पाहिजे, असं मला वाटतं.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर कडक टीका केली. पुढे बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली, सेवायोजन कार्यालयं आली, रिक्त जागा कळवणं बंधनकारक करणारा 1959 चा कायदा आला. कागदोपत्री रांग तयार झाली, तरी माणसं चौकशी करत राहिली ती ओळखीच्यांकडेच.

या सवयीचा नीट अभ्यास केला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्यांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांची ती व्यक्ती नेहमीच्या भेटीतली होती. बाकीच्यांच्या उपयोगी पडले ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे लोक. कारण सोपं आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं; नवी बातमी दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्याकडून येते. यावरचा त्यांचा 1973 साली छापून आलेला निबंध समाजशास्त्रात आजही सतत उद्धृत होतो.

भारतात 1997 साली नोकरी डॉट कॉम सुरू झालं. तिथे जाहिराती संगणकावर आल्या, ओळखी मात्र बाहेरच राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या सिक्सडिग्रीजने माणसांच्या ओळखींचंच जाळं मांडलं, पण ते फार टिकलं नाही. मग 5 मे 2003 रोजी रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं लिंक्डइन सुरू झालं. तिथे सुरुवातीला अनोळखी माणसाशी बोलायचं तर मधल्या ओळखीच्या माणसाने शब्द टाकावा लागे. गिरणीच्या फाटकावरची हीच तर रीत होती! 2016 साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी 2620 कोटी डॉलरला घेतली.

2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटी वापरकर्त्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. 'या व्यक्तींना तुम्ही ओळखत असाल' ही यादी संशोधकांनी वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळ्या तऱ्हेने बदलून पाहिली. सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या बेताच्या दूरच्या ओळखी. मात्र जिथे संगणकाचा वापर कमी, अशा उद्योगांत घट्ट नातीच जास्त कामी आली.

म्हणजे वर्तुळ खरंच मोठं झालं, आणि ही मोलाची गोष्ट आहे. विणकाम खात्याचं दार मात्र पूर्ण उघडलेलं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. लिंक्डइनवर तर नाव, छायाचित्र आणि कॉलेज सगळ्यांत आधी दिसतं. कंपनीतल्या माणसाच्या शिफारशीने भरती होते तेव्हा शिफारस करणारा बहुधा आपल्याच कॉलेजकडे, आपल्याच शहराकडे पाहतो.

म्हणून नोकरीत स्थिरावलेल्या वाचकांना एक विनंती. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या अनोळखी मुलीने तुमच्या कंपनीतल्या जागेबद्दल विचारलं, तर तिला उत्तर द्या. ती पात्र असेल तर तिचं नाव पुढे पाठवा.