कोलामी : मूळ शब्दरूपांची पुनर्रचना

द्राविडी कुळाच्या मध्य शाखेतली भाषा. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या जिल्ह्यांत आणि तेलंगणातल्या आदिलाबाद भागात ती बोलतात. 2011च्या जनगणनेत तिचे सुमारे 1 लाख 28 हजार भाषक नोंदले गेले. अकोल्याच्या जठारपेठेत दिवसभर वऱ्हाडी कानावर पडते. तिथून पूर्वेला केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, घरातली भाषा द्राविडी असते. ओडिशातल्या कुई आणि कुवी या तिच्या दूरच्या बहिणी.

या भाषांची पूर्वज भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. आजचे शब्द शेजारीशेजारी मांडून तिची रूपे अनुमानाने उभी करावी लागतात. अशा रूपापुढे अभ्यासक तारा काढतात.

‘दोन’ हा शब्द घ्यावा. तमिळ इरंडु, कन्नड एरडु, बस्तरातल्या परजीत इर्डु. तेलुगूत मात्र रेंडु, गोंडीत रंड, कुईत री. या दुसऱ्या गटात आरंभीचा स्वर गळून ‘र’ शब्दाच्या तोंडाशी आला आहे. जुन्या तेलुगूतला ‘म्रानु’ आणि कुईतला ‘म्रह्नु’ (झाड) तमिळ ‘मरम्’शी ताडून पाहिले तरी हीच ओढ दिसते. भद्रिराजू कृष्णमूर्तींनी या बदलाची नियमबद्ध मांडणी केली. कोलामीत ‘दोन’ला ‘इंदिङ’ म्हणतात: ‘र’ गेला, पण आरंभीचा ‘इ’ शाबूत राहिला. तेलुगूचा शेजार एवढा जुना, उसने शब्द एवढे भरपूर, तरी कोलामीचे मूळ वेगळ्या फांदीवर आहे, हे दाखवणाऱ्या पुराव्यांतला हा एक. लिखित परंपरा नसलेल्या भाषेचा एक शब्द इथे तमिळच्या बरोबरीने साक्ष देतो.

नुसत्या साम्यावर मात्र विसंबता येत नाही. कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात, गोंडीत ‘एर’. एकाच मुलखातल्या भाषा, एकच अर्थ. कुणालाही शब्द एकच वाटेल. पण कोलामी ‘ईर’ तमिळ ‘नीर’च्या घरातला, त्याचा ‘न’ गळालेला. गोंडी ‘एर’ तेलुगू ‘एरु’ आणि तमिळ ‘आरु’ यांच्या नात्यातला, आणि त्या दोहोंचा अर्थ नदी. कुईत तोच शब्द ‘एजु’, कुवीत ‘एयु’ झाला. वरवर पाहता ‘एजु’ कितीतरी लांबचा वाटतो, पण मूळच्या एका विशिष्ट ‘र’सदृश व्यंजनाच्या जागी कुईत ‘ज’ आणि कुवीत ‘य’ येणे इतर शब्दांतही आढळते, म्हणून नाते पक्के ठरते.

नोंदींचा इतिहास वऱ्हाडाशी जवळून जोडलेला आहे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1906च्या चौथ्या खंडात कोलामी आहे. तेव्हाच्या बाशीम जिल्ह्यातल्या पुसद भागातली, ‘भिल्ली’ नावाने आलेली पण कोलामीच्या जवळची बोलीही त्यात आहे. मरे एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ 1955 साली निघाला. त्याचा पाया वर्धा जिल्ह्यातली बोली. टी. बरो यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (1961, दुसरी आवृत्ती 1984) कोलामीची रूपे तमिळ-कन्नडच्या रांगेत, त्याच मानाने छापली आहेत.

कोलामीची अस्सल संख्यानामे मात्र चारपर्यंतच पुरतात: एकापुढे इंदिङ, मूंदिङ, नालिङ. पाचपासून दहापर्यंतची तेलुगूतून आली आहेत. मध्य शाखेतल्या ‘पाच’चे मूळ रूप हवे असेल तर अभ्यासकाला परजीकडे वळावे लागते.