सिमेंटच्या पत्र्याची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, गोठ्यांवर, गोदामांवर आणि कितीतरी घरांवर राखाडी नागमोडी पत्रा दिसतो. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, धाब्यावर माती घालावी लागते, टिन उन्हात तापते आणि गंजते. या कटकटी चुकवणारा स्वस्त पत्रा लोकांनी आपलासा केला यात नवल नाही. त्याला सगळे ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात आणि खरी अडचण या नावातच आहे. पत्र्याला ताण सोसण्याचे बळ सिमेंट देत नाही, ते त्यात मिसळलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू देतात. बोलीतल्या नावातून नेमका तोच घटक गळून पडला आणि त्याच्याबरोबर सावधगिरीही गेली.

अ‍ॅस्बेस्टॉस हा ग्रीक शब्द, अर्थ ‘न विझणारा’. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी कागद बनवण्याच्या रीतीने सिमेंट आणि या तंतूंचे ओले थर एकावर एक गुंडाळून पत्रा तयार केला, 1901 साली पेटंट मिळवले आणि चिरंतन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘एटर्निट’ नाव दिले. भारतात 1930च्या दशकात मध्य प्रदेशातल्या कैमोर आणि मुंबईतल्या मुलुंड इथे अशा पत्र्याचे कारखाने निघाले. तंतूंचा दोष मात्र तोपर्यंत उघड होऊ लागला होता. 1924 साली डॉ. विल्यम कुक यांनी इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या एका कामगार स्त्रीच्या मृत्यूचा संबंध तिच्या फुप्फुसात साठलेल्या या धुळीशी जोडला. 1960 साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे, म्हणजे मेसोथेलिओमाचे, 33 रुग्ण नोंदवले. त्यांतल्या काहींनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत कधी काम केले नव्हते, ते फक्त खाणींच्या परिसरात राहिले होते.

पत्र्यात बहुधा पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो, मग भीती कसली, असा आक्षेप घेतला जातो. यातला अर्धा भाग खरा आहे. अखंड, न हलवलेला पत्रा फारशी धूळ सोडत नाही, म्हणून घाबरून तो उचकटणे हाच मोठा धोका ठरेल. पण ग्राइंडरने कापला, ड्रिलने भोक पाडले, मे-जूनच्या वावटळीत फुटला किंवा शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासला, की तंतू मोकळे होतात. आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक ठरवला आहे. ‘आमच्याकडे कोणाला काही झाले नाही’ हे उत्तरही टिकत नाही. तंतू शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा 20 ते 40 वर्षे जातात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान 40 वर्षे जपण्याचा आदेश दिला. गावोगाव पत्रे ठोकणाऱ्या रोजंदारी मजुराची अशी नोंद कोण ठेवतो? रोग नाही आणि रोगाची नोंद नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

गरिबाने छप्पर कशाचे घालावे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर आहे ते छप्पर नीट सांभाळणे आणि नवे घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्रा मागणे. पत्रा काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवावा, अखंड उतरवावा, यंत्राने कापू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही. त्यासाठी घट्ट बसणारा, बारीक धूळ गाळणारा मास्क हवा. तुकडे प्लास्टिकमध्ये बांधून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावेत. अंगणात, रस्त्याच्या भरावात टाकू नयेत. हेच तंतू जुन्या ब्रेक लायनरमध्येही असू शकतात, म्हणून महामार्गालगतच्या गॅरेजात त्यांची धूळ हवेने फुंकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरी झटकू नयेत, ते वेगळे भिजवावेत, कारण जगभर असे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाला आहे. बिडी-सिगारेट सोडली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, कारण धूर आणि हे तंतू मिळून तो धोका कितीतरी पटींनी वाढवतात. आणि दुकानात, ठेक्यात, शाळेच्या दुरुस्तीच्या कागदात या वस्तूला तिच्या खऱ्या नावाने, अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा म्हणूनच लिहावे. नाव ठाऊक असलेला मजूर ग्राइंडर लावण्याआधी थांबेल, पाणी मागेल.