काचेतल्या तळ्याची पहिली वनस्पती

गोल्डफिश मूळचे चीनचे. युरोपात ते घरोघरी पोहोचले. पण काचेच्या भांड्यातले पाणी वरचेवर बदलले नाही, तर प्राणवायूसाठी पृष्ठभागावर तोंड उघडझाप करीत मरत.

यावरचा तोडगा लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडला. त्यांनी दोन गोल्डफिशसोबत व्हॅलिसनेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती लावली. उजेडात ती प्राणवायू सोडी, त्यावर मासे जगत. पण कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले.

आज हवेचे पंप आले, तरी वनस्पती निवडावीच लागते. गोल्डफिश कोवळी पाने खातात, मुळे उकरतात. म्हणून व्हॅलिसनेरिया लावताना बुंध्याभोवती गोटे ठेवावेत. किंवा जाड, चिवट पानांची अनुबियास वा जावा फर्न दगडाला बांधावी. अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेतात, हे मात्र विसरू नये. हिरवळ कितीही दाट असली, तरी लहान भांड्यात माशांची गर्दी करू नये.